भूजलाचा रंगीत नकाशा आणि त्यामागची थप्पी



गेल्या काही वर्षांत गावच्या बैठकांतून, पाणलोटाच्या कामांतून आणि आता मोबाइलवरूनही भूजलाचे रंगीत नकाशे आपल्यापर्यंत येऊ लागले आहेत. निळा रंग म्हणजे पाणी बरे, पिवळा म्हणजे बेताचे, तांबडा म्हणजे खडखडाट, असा सरळ अर्थ आपण लावतो. आपला गट निळ्यात आला की बोअरच्या गाडीला निरोप जातो आणि उसाची नोंद एखाद्या एकराने वाढते. पुढे एप्रिलमध्ये मोटार हवा ओढू लागली की नकाशा खोटा ठरतो आणि कर्ज मात्र खरे राहते.

नकाशा बहुधा खोटा नसतो. तो कशावरून काढला आणि काढताना काय गाळले, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. जमिनीखालचे पाणी थराथरांत असते, आणि कागद तर सपाट. थरांचे कागदावर रूपांतर कसे होते, त्यात चूक कुठे शिरते आणि सभासदाने कोणते प्रश्न विचारावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

प्रतिमान म्हणजे काय?

आपल्या राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली कठीण कातळ, मध्येच एखादा लाल गेरूचा थर, अशी रचना विहीर खोदताना आपण सर्वांनीच पाहिली आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. काही नकाशे नुसत्या अशा नोंदींवरून काढतात. पण दोन निरीक्षण विहिरींमध्ये काय चालले आहे, किंवा पुढच्या उन्हाळ्यात काय होईल, हे जाणायचे असेल तर संगणकावर जमिनीचे प्रतिमान, म्हणजे मॉडेल, तयार करावे लागते. या लेखात आपण अशा प्रतिमानावरून निघालेल्या नकाशांबद्दल बोलत आहोत.

प्रतिमान समजायला आपले साखरेचे गोदाम डोळ्यांसमोर आणा. पोती ओळीने, रकान्याने आणि थरावर थर अशी रचलेली असतात. कोणतेही एक पोते दाखवायचे तर तीन आकडे पुरतात : कितवी ओळ, कितवा रकाना, कितवा थर. भूजलाच्या प्रतिमानात जमिनीची अशीच थप्पी मानतात. तिला त्रिमितीय जाळी म्हणतात. प्रत्येक पोत्याच्या जागी खडकाचा एक चौकोनी कप्पा असतो. फरक इतकाच की कप्प्यांची जाडी जागोजाग वेगळी असू शकते. मुरूम जिथे जाड तिथे कप्पा जाड, जिथे पातळ तिथे पातळ.

प्रत्येक कप्प्याच्या नावावर काही आकडे असतात : वरचा आणि खालचा तळ समुद्रसपाटीपासून किती उंच, खडकातून पाणी किती सहज वाहते, पातळी एक मीटर उतरली तर किती पाणी सुटते, आणि आज पाण्याची पातळी काय. संगणक प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च मांडतो. शेजारच्या सहा बाजूंनी आलेले पाणी, पावसाचा मुरवा, कालव्याचा पाझर ही जमा. उपसा आणि पुढे वाहून गेलेले पाणी हा खर्च. उरला तो साठ्यातला फरक. गोदामाच्या स्टॉक रजिस्टरासारखाच हा हिशेब आहे.

हे काम करणारी जगभर वापरली जाणारी आज्ञावली म्हणजे मॉडफ्लो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ती १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि ती आजही विनामूल्य मिळते. थप्पी रचायला, चित्रे काढायला आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायला जीएमएससारख्या विकत मिळणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. आपल्या विषयाचा संबंध या शेवटच्या कामाशी, म्हणजे रूपांतराशी आहे.

थप्पीची चार रूपे

पाच किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा पाणलोट घेतला आणि १०० मीटरचा चौरस कप्पा धरला, तर एका थरात ५० गुणिले ४० म्हणजे २,००० कप्पे होतात. तीन थर धरले तर ६,०००. इतके आकडे ग्रामसभेत वाचून दाखवता येत नाहीत. म्हणून त्यांचे रूपांतर करावे लागते. त्याचे मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला, सपाट जाळी. थप्पीकडे वरून पाहायचे आणि प्रत्येक ओळ-रकान्याला एकच आकडा ठेवायचा. रंगीत नकाशा यातूनच निघतो.

दुसरा, बिंदू. प्रत्येक कप्प्याच्या मध्यावर एक ठिपका मानायचा आणि कप्प्याचा आकडा त्याला द्यायचा. विहिरींच्या नोंदींशी ताळा करायला किंवा दुसऱ्या आज्ञावलीत माहिती न्यायला हे रूप सोयीचे.

तिसरा, छेद. केक कापावा तशी थप्पी उभी कापून तिची बाजू दाखवायची. गावकऱ्यांना सर्वांत लवकर समजते ते हेच चित्र, पण बैठकीत ते क्वचितच दाखवले जाते.

चौथा, वेगळ्या घडणीची जाळी. काही आज्ञावल्यांना ओळ-रकान्याची शिस्त नको असते. नदीकाठी, विहिरींभोवती बारीक कप्पे आणि लांब माळावर मोठे कप्पे अशी सोय त्यांत असते. मॉडफ्लोच्या घराण्यातही २०१३ पासून अशी मोकळी जाळी वापरता येते. तिच्यात कप्पा तसाच्या तसा नेला तर आकडा बिघडत नाही. मात्र दुसऱ्या एका पद्धतीत आकडे कप्प्याच्या मध्याऐवजी कोपऱ्यांवर ठेवतात. तिथे नेताना शेजारच्या कप्प्यांची सरासरी काढावी लागते आणि धारदार फरक बोथट होतात. नाल्याच्या एका काठाला पाणी आणि दुसऱ्या काठाला कोरड असेल, तर दोन्हीकडे 'बेताचे' असे दिसू शकते.

थोडक्यात, रूपांतर म्हणजे नुसती नक्कल नव्हे. प्रत्येक वेळी काही ठेवावे लागते आणि काही सोडावे लागते.

नऊ पाळ्या की सव्वादोन?

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. समजा, एका हेक्टरखाली दोन थर पाण्याने भरलेले आहेत. वरचा मुरमाचा थर ६ मीटर भरलेला आहे आणि त्यातून २ टक्के पाणी सुटते. खालचा भेगाळ खडक ३० मीटर आहे, पण त्यातून सुटणारे पाणी अवघे ०.२ टक्के. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या खडकात साधारण याच मापाचे आकडे येतात.

बरोबर रीत अशी : प्रत्येक थराची जाडी त्याच्या टक्क्याने गुणायची आणि मग बेरीज करायची. वरच्या थरात ६ मीटरचे २ टक्के म्हणजे १२ सेंटीमीटर पाणी. खालच्यात ३० मीटरचे ०.२ टक्के म्हणजे ६ सेंटीमीटर. एकूण १८ सेंटीमीटर, म्हणजे हेक्टरी १,८०० घनमीटर.

आता सपाट जाळी करताना एखाद्याने दोन्ही थर एकच मानले आणि टक्का वरच्याचा लावला, तर ३६ मीटरचे २ टक्के म्हणजे ७२ सेंटीमीटर, हेक्टरी ७,२०० घनमीटर. पाणी एकदम चौपट झाले! दुसऱ्या कोणी दोन टक्क्यांची साधी सरासरी काढली, तर १.१ टक्के येतात आणि साठा ३,९६० घनमीटर. तोही दुपटीहून जास्त.

उसाच्या भाषेत याचा अर्थ काय? एका पाळीला ८ सेंटीमीटर पाणी धरले तर हेक्टरी ८०० घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर लागतात. चुकीच्या नकाशाप्रमाणे जमिनीखाली नऊ पाळ्यांचे पाणी आहे. बरोबर हिशेबाने सव्वादोन पाळ्यांचे. शेजारून येणारे पाणी किंवा कालव्याचा पाझर यात धरलेला नाही. तसेच असलेले सगळे पाणी मोटारीला उपसता येत नाही, हेही खरे. तरीसुद्धा फेब्रुवारी ते मे ऊस जगवायचा की नाही, हा निर्णय या दोन आकड्यांत आहे.

साध्या सरासरीची चूक आपल्याला नवीन नाही. साखर उताऱ्याचेच घ्या. एका दिवशी ५,००० टन उसाचे गाळप होऊन उतारा ११ टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी बिघाडामुळे ५०० टनच गाळप होऊन उतारा ९ टक्के पडला, तर दोन दिवसांचा उतारा १० टक्के असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. टनांच्या प्रमाणात काढला तर तो १०.८२ येतो. थरांची जाडी म्हणजे गाळपाचे टन, आणि सुटणाऱ्या पाण्याचा टक्का म्हणजे उतारा. जो नियम आपण वार्षिक सभेत लावतो, तोच नकाशाला लावायचा.

पातळीची सरासरी कोणत्याच विहिरीत नसते

साठ्याची निदान बेरीज तरी करता येते. पाण्याच्या पातळीची तीही सोय नाही. समजा, उघड्या विहिरीत पाणी ८ मीटरवर आहे आणि त्याच शिवारातल्या खोल बोअरमध्ये ४० मीटरवर. मधला गेरूचा किंवा कातळाचा थर दोघांना वेगळे ठेवतो. सपाट नकाशात सरासरी टाकली तर २४ मीटर येतात. २४ मीटरवर पाणी असलेली विहीर त्या गावात एकही नसेल. म्हणून पातळीचा नकाशा प्रत्येक थराचा वेगळा हवा, आणि त्यावर 'वरचा थर' की 'खालचा थर' हे लिहिलेले हवे.

बिंदूंच्या रूपातही हाच घोटाळा दुसऱ्या वाटेने शिरतो. ठिपक्यांवरून मधल्या जागेचा अंदाज काढताना संगणक जवळच्या ठिपक्याला जास्त वजन देतो. आपल्या उदाहरणात शेजारच्या कप्प्याचा मध्य १०० मीटरवर आहे, आणि खालच्या थरातल्या कप्प्याचा मध्य फक्त १८ मीटरवर. संगणकाला खालचा ठिपका जवळचा वाटतो, आणि तो विहिरीचे पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून टाकतो. जाणकार माणूस थराथराचे ठिपके वेगळे काढतो, किंवा उभ्या अंतराला वेगळे माप लावतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याचाही नकाशा तितकाच सुबक दिसतो, ही खरी अडचण आहे.

कोरड्या कप्प्यांचा खोटा आकडा

प्रतिमानात काही कप्पे हिशेबाबाहेर असतात, काही उपशाने कोरडे पडतात. तिथे पातळी लिहायला काही नसते, म्हणून संगणक खुणेचा आकडा टाकतो. वजा ९९९ किंवा त्याहून कितीतरी मोठा. हा आकडा पाण्याचा नाही, 'इथे काही नाही' अशी ती खूण आहे. हजेरीपटावर गैरहजर माणसापुढे फुली मारतो तसे. रूपांतर करताना ही खूण वगळली नाही, तर ती सरासरीत जाते. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच पातळीचे तीन कप्पे आणि एक वजा ९९९ यांची सरासरी १७० मीटरच्या आसपास येते. इतकी ढोबळ चूक लगेच डोळ्यांत भरते. पण कडेकडेचा रंग थोडासाच बदलला, तर ती कोणाच्या लक्षात येत नाही. आणि कोरडे कप्पे नेमके तिथेच असतात जिथे सभासदाला खबरदारीची गरज असते.

कप्प्याच्या आकाराकडेही लक्ष हवे. १०० मीटरचा कप्पा म्हणजे एक हेक्टर, सुमारे अडीच एकर. अर्ध्या-पाऊण एकराच्या वाटण्या झालेल्या शिवारात एका कप्प्यात तीन-चार भावांच्या विहिरी येतात. नकाशा त्या सगळ्यांना एकच पातळी देणार. पुढे हाच नकाशा २० मीटरच्या बारीक चौकोनांत बदलून दाखवला, तर तो जास्त अचूक वाटतो, पण माहिती तेवढीच राहते. एका चहाचे पाच कप केले म्हणून दूध वाढत नाही, तसेच हे. 'माझ्या बांधावर बोअर कुठे मारू?' हा प्रश्न अशा नकाशाला विचारूच नये. 'या शिवारात आणखी दहा बोअर झेपतील का?' हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला आहे.

पेण-रोहे भागाकडे पाहा

थर सपाट केले की काय हरवते, हे समजायला आपल्या ऊसपट्ट्याबाहेरचे उदाहरण मुद्दाम घेतो. रायगड जिल्ह्यात पेण-रोहे भागात रामवाडी नावाच्या वस्त्या आहेत. तिकडचे मुख्य पीक भात. वर्षाला पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या सहा-सात पट. खडक मात्र आपलाच, काळा पाषाण. पाऊस संपताच तिथल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या दिसतात. ऑक्टोबरच्या पातळीवर नकाशा काढला तर सगळा निळा निघेल. तरीही उन्हाळ्यात डोंगरालगतच्या अनेक वाड्यांना पिण्याच्या पाण्याची चणचण भासते. पाणी धरून ठेवणारा वरचा थर पातळ आहे, उतार तीव्र आहे आणि समुद्र जवळ आहे. आलेले पाणी पाहता पाहता ओढ्यांतून निघून जाते. पातळी उंच असणे आणि साठा मोठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट नकाशा त्यातली एकच दाखवतो, आणि तीही एकाच महिन्याची.

तिथून पश्चिमेला खाडीकडे सरकले की खारेपाट लागतो. वर पावसाचे गोडे पाणी आणि खाली किंवा बाजूला खारे, अशी स्थिती जिथे असते तिथे दोन थरांच्या क्षारांची सरासरी काढून काय उपयोग? सरासरीने पाणी 'चालण्याजोगे' ठरेल. वरच्या थरातून बेताने उपसणाऱ्याला ते गोडच लागेल, खोल बोअर मारणाऱ्याला खारे. अशा जागी नकाशापेक्षा उभा छेद हवा. रामवाडीसारख्या वस्तीत नळयोजनेची विहीर किती खोल न्यायची हे छेदावरून ठरते. नकाशाचा रंग तिथे कामाचा नाही.

आपल्याकडे याच्या उलटी बाजूही आहे. शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, आणि श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने तिथे भूमिगत निचऱ्याचे मोठे काम उभे राहिले. अशा कामाला खोल थरांची माहिती फारशी लागत नाही. जमिनीच्या उंचीतून वरच्या थरातील पाण्याची पातळी वजा करायची आणि पाणी मुळांपासून किती खाली आहे एवढेच पाहायचे. तिथे सपाट नकाशा अगदी योग्य, पण तो फक्त वरच्या थराचा हवा. म्हणजे रूपांतर चांगले की वाईट हे एकट्याने ठरत नाही. कोणत्या कामासाठी केले, यावर ते ठरते.

सभासदांनी काय विचारावे?

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेखाली राज्यातील अनेक गावांत जलसुरक्षा आराखडे झाले, पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडण्याची रीत पडली. ही चांगली गोष्ट आहे. पण अंदाजपत्रकावर सही-अंगठा करण्यापूर्वी आपण पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. यात शिक्षणाचा प्रश्न नाही. विहीर पाहिलेल्या कोणालाही हे विचारता येतात.

१. हा नकाशा नुसत्या विहिरींच्या नोंदींवरून काढला की प्रतिमानावरून?

२. कोणत्या थराचा आहे? सर्व थर एकत्र केले असतील, तर बेरीज केली की सरासरी, आणि सरासरी जाडीच्या प्रमाणात आहे का?

३. कोणत्या महिन्याचा आहे? ऑक्टोबरचा असेल तर मेचा शेजारी ठेवून दाखवा.

४. मूळ कप्पा किती मीटरचा होता?

५. कोरडे आणि हिशेबाबाहेरचे कप्पे वेगळ्या रंगाने दाखवले आहेत का?

६. गावातील दोन-चार ओळखीच्या विहिरींची मोजलेली पातळी आणि नकाशाची पातळी यांत किती फरक पडतो?

७. आमच्या शिवारातून नदीपर्यंतचा एक उभा छेद दाखवता येईल का?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर तयार करणे आपल्याच हातात आहे. दोरी आणि टेप घेऊन महिन्यातून एकदा, मोटार बंद असताना, सकाळी विहिरीची पातळी मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. बोअर असेल तर विहिरीचा आकडा आणि बोअरचा आकडा वेगळ्या रकान्यांत लिहावा. त्यांची बेरीज किंवा सरासरी कधीही करू नये. बोअर घेताना किती फुटांवर मुरूम संपला, कुठे गेरू लागला, कुठे पाणी लागले, हे गाडीवाल्याकडून जागेवरच लिहून घ्यावे. थप्पीचे थर कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे प्रतिमान करणाऱ्याला अशाच नोंदींवरून कळते. दहा सभासदांच्या अशा वह्या असतील, तर त्या शिवाराच्या नकाशाचा ताळा गावातच करता येईल.

पुढील हंगामाची ऊस नोंद देताना सभासदांनी मे महिन्याची मोजलेली पातळी समोर ठेवावी, आणि खात्रीच्या पाण्यापुरतीच लागण करावी. विहिरीच्या नोंदी कशा ठेवाव्यात याविषयी शंका असल्यास आपल्या गटाच्या शेती मदतनिसाकडे विचारणा करावी.